न थांबणारी भिंगरी

सौंदर्या नेमकं काय काम करते, हे गुरुसिद्ध आप्पांना शेजाऱ्यांना कधी धड सांगता आलं नाही. इंटरनेट डोळ्यांना दिसावं म्हणून ती पुण्यात बसून वस्तू घडवायची. बापासाठी तिनं सागवानी भिंगऱ्यांची जोडी केली. एक राजारामपुरीत आप्पांच्या टीव्हीशेजारी, दुसरी तिच्या टेबलावर. तिच्या घरात नेट चाललं की आप्पांची भिंगरी फिरायची, आप्पांच्या घरात चाललं की तिची.

"भिंगरी फिरतीया म्हंजे तुमी बरं हायसा, एवढं तरी मला कळंल की," ती म्हणाली होती.

बायको गंगव्वा गेल्यापासून आप्पांना घरात बोलायला कुणी नव्हतं. लेकीच्या नेटवर टीव्हीशेजारची भिंगरी दिवसभर गरगरायची. फोन मात्र महिन्यातून एखादा, तोही घाईचा. एका सोमवारी गल्लीतली वीज गेली, राउटर बंद पडला आणि लगेच फोन वाजला.

"आप्पा! काय झालं? भिंगरी थांबलीया!"

मग बोलणं वाढत गेलं. जेवण, गुडघे, शेजारचं लग्न. आईच्या हातच्या शेंगाच्या पोळीची तिनं आठवण काढली. त्या दिवशी म्हातारा एक भाकरी जास्त जेवला.

आप्पांनी जन्मभर दुकान चालवलेलं. गिऱ्हाईक कशानं येतं, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. पुढच्या सोमवारी वीज गेलीच नाही, तेव्हा त्यांनी राउटरचं बटण स्वतःच दाबलं. फोन आला.

"लाईट गेल्ती गं," आप्पा बिनदिक्कत म्हणाले.

मग दर सोमवारी लाईट जाऊ लागली. कसली लाईट नि कसलं काय! शेजारी पंखे सुरू होते.

महिन्याभरानं एक माणूस बॅटरी घेऊन दारात उभा राहिला. "काका, पुण्याच्या ताईंनी पाठवलीया. आता लाईट जाऊ दे न्हायतर ऱ्हाऊ दे, नेट बंद पडायचं न्हाय."

बटण अजून होतं. सांगायला सबब उरली नव्हती.

सोमवार आला. टीव्ही बंद, आप्पा गप्प. तरी मोबाईल आपसूक नेटवरून काही ना काही ओढत होता आणि तेवढ्यावर तिकडे भिंगरी फिरत होती. घरात माणूस बोलतंय की नुसतं बसलंय, याच्याशी तिला काय देणंघेणं! फोन काही आला नाही.

दुपारी आप्पांनीच लावला. तिनं कापला. मागोमाग मेसेज आला: "मीटिंगमध्ये हाय आप्पा. भिंगरी मस्त फिरतीया. बरं हाय न्हवं?"

आप्पांना फार एकटं वाटत होतं. तसं त्यांनी लिहायलाही घेतलं. मग लेकीच्या कामात आपला खोडा नको, असं मनात आलं. सगळं पुसून त्यांनी "व्हय" एवढंच धाडलं.