वेणूबाईंचा आडवा फोटो

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. फोटो काढताना कॅमेरा हलू नये म्हणून त्याला ज्याच्या डोक्यावर बसवतात, तो मी. मला तीन पाय आहेत, मान सगळीकडे वळते आणि बोलता येत नसल्यामुळे आजवर माझं कुणाशी भांडण झालेलं नाही. माझे मालक श्यामराव मला 'तिवई' म्हणतात. तिवईवर पाण्याचे माठ ठेवतात हे मला ठाऊक आहे, पण मालकांना कोण काय बोलणार? आणि ते इतक्या प्रेमाने म्हणतात की राग येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, तो मला फारसा आठवत नाही. पहिली नीट आठवण आहे ती बिबवेवाडीतल्या श्यामरावांच्या फोटो स्टुडिओची. निळा पडदा, एक लाकडी स्टूल, भिंतीवर कंगवा अडकवलेला आरसा आणि मध्यभागी मी. माझ्यासमोर किती माणसं बसून गेली! दहावीच्या फॉर्मसाठी केस चापून बसवलेली मुलं, लग्न ठरायच्या आधी नवी साडी नेसून आलेल्या मुली, नवीन नोकरीतले कारकून. तान्ही बाळं तर नेमकी पडदा ओला करून जायची.

श्यामरावांची एक सवय होती. ते कॅमेऱ्याला लगेच डोळा लावत नसत. आधी माझ्या डोक्यावर हात ठेवून समोरच्या माणसाकडे नुसतं बघत राहत. मग पुढे जाऊन त्याची कॉलर सरळ करत, पुन्हा मागे येत आणि म्हणत, "हं, आता हलू नका. श्वास घ्या, पण बेताने." गिऱ्हाईक हसायचं आणि तेवढ्यात फोटो निघायचा.

दुसरी सवय त्याहून पक्की. काढलेला फोटो ज्याचा त्याला मिळालाच पाहिजे. कुणी न्यायला आलं नाही, तर श्यामराव दुकान बंद केल्यावर स्कूटर काढून पत्ता शोधत जायचे. "फोटो त्यांचा आहे, आपल्याकडे नुसता मुक्कामाला आलाय," असं ते म्हणत. त्या दिवसांत मला फार मान होता. रोज सकाळी मला फडक्याने पुसलं जाई, सांध्यांना तेलाचं बोट लागे.

मग सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले. गिऱ्हाइकं कमी होत गेली आणि एके दिवशी निळा पडदा उतरला. आता त्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. श्यामराव एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला लागले आणि मी घरच्या माळ्यावर गेलो. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. माळ्यावर फुटकी बादली आणि गणपतीची आरास यांच्यामध्ये पडून राहणं हे काही कॅमेरा पेलणाऱ्याचं जिणं नव्हे.

मला तिथून खाली काढलं ते श्यामरावांच्या मुलीने, अपूर्वाने. ती कॉलेजात माध्यमांचा अभ्यास करते. तिने स्वतःचं एक व्हिडिओ चॅनेल काढलं होतं, भटकंतीचं. माझ्या डोक्यावर तिने मोबाइल धरणारा चिमटा बसवला आणि माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. स्टुडिओच्या बाहेर कधी न पडलेल्या मी समुद्र पाहिला, महाबळेश्वरचं धुकं पाहिलं, कात्रजचा घाट पाहिला. सगळीकडे क्रम एकच. मला जमिनीवर रोवायचं, मोबाइल उभा लावायचा, धावत जाऊन माझ्यापुढे उभं राहायचं आणि हात हलवत म्हणायचं, "हाय गाइज! आज आपण आलोय..."

एकदा एका तळ्याकाठी सकाळी फिरायला आलेले एक आजोबा बराच वेळ थांबले आणि शेवटी म्हणाले, "अहो ताई, जरा बाजूला होता का? आम्ही तळं बघायला आलोय." अपूर्वाने तो भाग व्हिडिओतून कापला. मला मात्र तो फार आवडला होता.

व्हिडिओ लोक बघत होते. अंगठे, बदाम, शाबासक्या, सगळं येत होतं. पण माझा एक पाय आता सैल झाला होता. त्याचा खटका हळूहळू सरकायचा आणि बोलता बोलता चित्र कलायचं. एका समुद्राच्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "ताई, समुद्र सांडतोय." झालं! पुढच्याच आठवड्यात घरात एक नवा स्टँड आला. पांढरा, हलका, डोक्यावर गोल दिव्याची प्रभावळ मिरवणारा. मी दाराच्या मागे गेलो. माझ्या एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला ओला रेनकोट आणि मानेवर अपूर्वाची ओढणी. म्हणजे काम होतं मला, नाही असं नाही.

अशात कॉलेजात वैष्णवी मॅडमनी वर्गाला काम दिलं. प्रत्येकाने स्वतः एक प्रवासाचं मासिक तयार करायचं. मुखपृष्ठ, फोटो, लेख, पानांची मांडणी, सगळं स्वतःचं. अपूर्वाला हे डाव्या हातचा मळ वाटलं. "बाबा, माझ्याकडे वर्षभराचे व्हिडिओ आहेत. नुसते स्क्रीनशॉट घ्यायचे आणि पानावर टाकायचे!" श्यामराव चहा पीत होते. ते "बरं" एवढंच म्हणाले. पुण्यात या 'बरं'चा अर्थ नेहमी 'बरं' असाच असतो असं नाही.

गुरुवारी ती नमुना अंक घेऊन गेली आणि संध्याकाळी परत आली ती चपला न काढता थेट खुर्चीवर बसली. दाराच्या मागून मी सगळं ऐकत होतो.

"मॅडमनी पानं उलटली आणि म्हणाल्या, 'फोटो छान आहेत. कुणाचे आहेत ते कळलं. आता कुठले आहेत ते सांग.'" तिचा आवाज ओला झाला होता. "सोमवारी अंक नीट झाला नाही, तर या विषयात नापास."

श्यामरावांनी अंक हातात घेतला. प्रत्येक पानावर अपूर्वा होती. तिच्या कानामागे थोडा समुद्र, खांद्यावर थोडा डोंगर, केसांच्या बटेआड एखाद्या देवळाचा कळस. फोटो उभे आणि पान पसरट, त्यामुळे दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरली होती. ती तिने रंगीत पट्ट्यांनी भरली होती. मोबाइलवर झळझळीत दिसणारी चित्रं छापल्यावर चाळणीतून गाळल्यासारखी दिसत होती. वर्षभर ती इतक्या ठिकाणी हिंडली, पण एकाही ठिकाणाचा फोटो तिच्याकडे नव्हता.

"आता सोमवारपर्यंत मी कोकणात कशी जाऊ?" ती म्हणाली. "काका म्हणालेच होते, कॉमर्स घे म्हणून. व्हिडिओ करून कुणाचं भलं झालंय, असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. त्यांचंच खरं होणार."

हे तिचं खरं दुखणं होतं. नुसत्या मार्कांसाठी अपूर्वा रडली नसती.

श्यामरावांनी अंक मिटला. "प्रवासाला तूच गेलं पाहिजेस, असं मॅडमनी लिहून दिलंय का?"

"म्हणजे?"

"मार्केट यार्डात रोज पहाटे किती माल येतो. तो काय तिथेच उगवतो? फुलं घे. कुठून निघतात, कशी येतात, कुठे जातात. तोही प्रवासच की."

मग ते उठले, दारामागे आले आणि त्यांनी माझ्या मानेवरची ओढणी काढली. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. सैल पायाच्या खटक्याभोवती त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली, सांध्यांना तेल लावलं आणि कपाटातून स्टुडिओच्या शेवटच्या दिवसांतला आपला कॅमेरा काढून माझ्या डोक्यावर बसवला. आडवा. किती दिवसांनी डोक्यावर नीट वजन आलं!

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अपूर्वा आणि मी मार्केट यार्डाच्या फूलबाजारात होतो. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, डोक्यावर बोचकी घेऊन "बाजू, बाजू!" करत धावणारे हमाल. अपूर्वाने सवयीने मला रोवलं आणि सवयीनेच माझ्यापुढे जाऊन उभी राहिली. तिथे झेंडूच्या ढिगामागे एक बाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू. त्या वेणूबाई. सासवडकडच्या एका वाडीतून रोज टेम्पोने फुलं घेऊन येतात.

"व्हिडू नगं," त्या म्हणाल्या.

"फोटो आहे मावशी, व्हिडिओ नाही."

"त्ये बी नगं. रोज येत्यात पोरंपोरी. फुलांम्होरं हुबी ऱ्हात्यात, दात काढत्यात आन् जात्यात. मला म्हनत्यात, मावशी, तुमी मोबाइलवर झळकनार. आजवर येकानं बी फोटू आनून दिला न्हाई. माजा फोटू माज्याकडंच न्हाई!"

अपूर्वाच्या व्हिडिओंतही कितीतरी माणसं येऊन गेली होती. कणसं भाजणारी, होडीवाले, चहावाले. त्यांच्यापैकी एकाचंही नाव तिला माहीत नव्हतं. तिने हळूच म्हटलं, "मी आणून देईन. माझे बाबा फोटो घरपोच देतात. देत होते."

वेणूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बगू," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फुलं निवडायला लागल्या.

आता मात्र अपूर्वा माझ्या मागे आली. तिने कॅमेऱ्याला डोळा लावला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून ती नुसती बघत राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी स्टुडिओच्या कोपऱ्यात बसून तिने पाहिलं असेल तेवढंच. बाजारात उजेड कमी होता, म्हणून कॅमेऱ्याचं आतलं झाकण, म्हणजे शटर, जरा जास्त वेळ उघडं राहायला हवं होतं, आणि तेवढा वेळ मला तसूभरही हलून चालणार नव्हतं. श्यामराव सांगायचे तसं तिने माझ्या पोटाखालच्या आकड्याला वजन अडकवलं. वजन कसलं, तर शेजारच्या गाळ्यावरची लिंबांची पिशवी.

"मावशी, आता हलू नका. श्वास घ्या, पण बेताने."

वेणूबाई हसल्या. मी तिन्ही पाय जमिनीत रुतवून उभा राहिलो. एक हमाल धक्का देऊन गेला, तरी ट्यूबच्या पट्टीने साथ दिली. फोटो निघाला. त्यात धावणारी माणसं नदीच्या पाण्यासारखी पुसट वाहत होती आणि मधोमध, केशरी ढिगामागे, वेणूबाई तेवढ्या लख्ख बसल्या होत्या.

शनिवारी बाजार आटोपल्यावर आम्ही त्यांच्याच टेम्पोतून घाट चढून त्यांच्या वाडीला गेलो. मी शेतात उभा राहिलो, ओढ्याच्या कडेला उभा राहिलो, टेम्पोच्या टपावरही राहिलो. अपूर्वा दरवेळी माझ्या मागे. रविवारभर ती संगणकासमोर बसून पानं जुळवत होती. या खेपेस फोटो पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरत होते, रंगीत पट्ट्यांची गरजच पडत नव्हती. मासिकाला तिने नाव दिलं, 'झेंडू निघाला'. फुलाचा प्रवास शेतातून सुरू होऊन बिबवेवाडीतल्या एका घराच्या दारावरच्या तोरणात संपत होता.

सोमवारी ती घरी आली तेव्हा चपला जागेवर काढल्या. "बाबा, मॅडम मुखपृष्ठ बघत राहिल्या आणि मग विचारलं, 'या बाई कोण?' मी सांगितलं. नाव, गाव, सगळं. तर म्हणाल्या, 'हं. आता आलीस फिरून.'"

श्यामराव "बरं" म्हणाले. या वेळी त्याचा अर्थ अगदी 'बरं' असाच होता.

पण गोष्ट इथे संपली असती, तर मी तुम्हाला सांगितलीच नसती. मंगळवारी पहाटे अपूर्वा मला खांद्यावर घेऊन पुन्हा फूलबाजारात गेली. हातात मासिकाचा अंक होता आणि जाड कागदावर छापलेला वेणूबाईंचा मोठा फोटो. वेणूबाईंनी हात पदराला पुसले, फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. शेजारच्या गाळ्यावरच्या बायका गोळा झाल्या. मग वेणूबाईंनी फोटोवर बोट फिरवत विचारलं, "आन् तू कुटं हाईस ह्यात?"

"मी मागे होते मावशी. कॅमेऱ्याच्या."

"आगं पन मला फोटू दिलास, तुजा नगं व्हय? ये, बस हितं माज्यापाशी."

अपूर्वा झेंडूच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसली. फोटो कोण काढणार, हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. मग ती हसली, उठली, कॅमेऱ्याचा टायमर लावला, लिंबांची पिशवी माझ्या आकड्याला अडकवली आणि पळत जाऊन बसली. वेणूबाईंनी तिची कॉलर सरळ केली. माझ्या मागे त्या वेळी कुणीच नव्हतं. सगळा भार माझ्यावर होता.

मित्रांनो, तो फोटो आता श्यामरावांच्या घरात लावला आहे, आणि त्याची एक प्रत त्या वाडीत एका चुलीच्या वरच्या भिंतीवर. मी अजून दाराच्या मागेच असतो, पण माझ्या मानेवर कुणी काही वाळत घालत नाही. तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला खाली काढा, पुसा, सैल सांध्याला पट्टी बांधा. आणि कुणाचा फोटो काढलात, तर तो त्या माणसाला नेऊन द्या. तुमच्याकडे तो नुसता मुक्कामाला आलेला असतो.