आधी जोड, मग तोड

मंगळवार, दिनांक ११ नोव्हेंबर १९९७, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. हातात जागा दोन.

कलकत्त्याहून जावयाचा फोन आला तेव्हा विनायकराव सबनीस त्या दोन जागांची तिकिटेच कपाटातून काढून पाहत होते. आठ डिसेंबर, मुंबई ते कलकत्ता. ही तिकिटे विकत घेतलेली नव्हती. आपटा गावाजवळच्या रंगांच्या कारखान्यात देखभाल अभियंता असताना कंपनीच्या कामासाठी वर्षानुवर्षे जो विमानप्रवास घडला, त्याचे गुण विमान कंपनीने त्यांच्या नावावर जमा केले होते आणि निवृत्तीनंतर त्या गुणांचे हे बक्षीस मिळाले होते. बक्षिसाच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच असत. या दोन मिळायलाही दोन महिने लागले होते.

"बाबा, डॉक्टर म्हणतात डिसेंबर उजाडायचा नाही," सत्यजीत फोनवर म्हणाला. "नोव्हेंबरअखेरच होईल. अनुयाला देतो."

अनुयाचा आवाज थकलेला होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची बंदी केली होती. "बाबा, मला पनवेलला येता आलं नाही, ते राहू दे. पण बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी माहेरचं एक तरी माणूस हवं हो. आई येईल ना वेळेवर?"

"येईल," विनायकराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीच्या, नीताबाईंच्या, मणक्याची शस्त्रक्रिया झाली होती. दोन रात्रींचा आगगाडीचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. म्हणजे विमान, आणि तेही आधीचे.

घरच्या फोनवरून बाहेरगावी बोलण्याची सोय नव्हती, म्हणून दोघे हळूहळू चालत काशिरामच्या एसटीडी बूथवर गेले. काशिरामचे वडील मिठागरावर राबले. त्याने स्वतः मात्र सरकारने घेतलेल्या जमिनीच्या पैशांतून हा काचेचा खोका उभारला होता.

"काकू, तुमी बसा," त्याने स्टूल पुढे केले. "काका, मुंबईची लाइन आज लय रडतेय. लागली तर लागली, नायतर नाय."

लाइन लागली. विनायकरावांनी जागा बावीस नोव्हेंबरला हलवायला सांगितल्या, पण विमान कंपनीच्या बक्षीस विभागातील मुलगा घाईत होता. "आधी आठ तारीख कॅन्सल करा सर, मग बावीसची सीट बघतो."

"आणि बावीसची मिळाली नाही तर?"

"मग वेटलिस्ट."

"आणि आठची?"

"ती तर गेली ना सर."

विनायकरावांनी फोन ठेवला. तंत्रमहाविद्यालयात त्यांना विद्युत शिकवणारे कमलाकर सर एक वचन घोकून घेत: आधी जोड, मग तोड. चालू वाहिनी सोडण्यापूर्वी दुसरी हाती असली पाहिजे, म्हणजे मध्ये अंधार होत नाही. याच वचनावर त्यांनी सारी नोकरी निभावली होती. पंधरा मिनिटांनी त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. या वेळी दुसऱ्या कोणीतरी उचलला. विनायकरावांनी जुन्या जागांचा उच्चारही केला नाही. आपला सभासद क्रमांक सांगून बावीस नोव्हेंबरच्या दोन नव्या जागा मागितल्या.

"पॅसेंजरची नावं?"

"विनायक सबनीस." मग त्यांनी वळून स्टुलावर कंबर धरून बसलेल्या पत्नीकडे पाहिले. "आणि नीता सबनीस."

जागा मिळाल्या. गुरुवारी मुंबईच्या कार्यालयात येऊन तिकिटे करून घ्यायची होती.

"झालं?" नीताबाईंनी विचारले.

"झालं. आता जुन्या सोडायच्या त्या कार्यालयात, नव्या हातात आल्यावर."

"तुमचं बाई सगळं स्क्रू आवळून," त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या.

गुरुवारी विनायकराव एसटीने मुंबईला गेले. चार तासांच्या रांगेनंतर ऋचा कामत नावाच्या तिशीतल्या अधिकारी बाईंपुढे ते पोहोचले. बाईंनी तिकिटे घेतली, संगणकाच्या पडद्यावर पाहिले, पुन्हा पाहिले.

"काका, बावीसला तुमचं नाव नाहीये."

"मंगळवारी मी स्वतः—"

"होतं. रात्री सिस्टीमने पुसलं. एकाच माणसाच्या नावावर एकाच मार्गाच्या दोन जागा दिसल्या की ती नंतरची काढून टाकते. आठ तारखेला विनायक सबनीस, बावीसलाही विनायक सबनीस. मग काय!"

विनायकरावांनी काउंटरची कड धरली. कमलाकर सरांच्या वचनाला एक शेपूट होते, ते त्यांना आत्ता आठवले. दोन स्वतंत्र पुरवठे एकाच तारेवर क्षणभरही एकत्र यायचे नाहीत. आले की फ्यूज जातो. कारखान्यात जनरेटर जोडताना त्यांनी हा नियम कधी मोडला नव्हता. मोडला तो घरच्या कामात.

"म्हणजे दोन्ही गेल्या," ते म्हणाले.

"नाही ना, तीच तर गंमत आहे. बावीसला एक जागा शिल्लक आहे. नीता सबनीस. या कोण?"

"माझी पत्नी."

"पण तुमच्या तिकिटावर पत्नी आशालता आहे." बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "काका, दोन-दोन?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसले. विनायकरावांना हसण्याइतकेही त्राण नव्हते. "एकच आहे हो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मीच आशालता लिहिलं. ते रेशनकार्डावर राहिलं, आणि त्यावरून तिकिटावर आलं. पण तिला त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा बघत नाही. घरी ती नीताच राहिली, माहेरची. परवा फोनवर तोंडात आलं तेच सांगितलं."

"म्हणून वाचली! मशीनला वाटलं, दोन वेगळ्या बायका." बाई हसल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी सासरी अनघा आहे. पगार मात्र ऋचालाच मिळतो. थांबा, साहेबांना विचारून येते."

परत आल्या तेव्हा हातात शिक्का होता. "काकूंचं तिकीट बावीसचं होईल, नाव मी दुरुस्त करते. तुमच्यासाठी जागा नाही. आठ तारीख सोडलीत तर वेटिंगला टाकते, पण खात्री देत नाही."

"तिची आठची जागा आता लगेच सोडू नका," विनायकराव म्हणाले. "मला एक फोन करू द्या."

खालच्या बूथवरून त्यांनी घरी फोन लावला आणि सारे क्रमाने सांगितले.

"मग मी एकटी जाते," नीताबाई म्हणाल्या.

"अगं, तू कधी विमानात बसलेली नाहीस. तुझी कंबर—"

"कंबर माझी आहे. आणि विमान काय तुम्ही चालवणार होतात?"

"सामान कोण उचलेल?"

"तिकडे जावई येतील, इकडे तुम्ही आहात. मधल्या वेळात ते विमानच उचलतं ना? अहो, लेकीने आईला बोलावलंय. तुम्ही आठला या बारशाच्या तयारीला."

"पण मी सगळं नीट…"

"नीटच केलंत. दमलात, म्हणून असं वाटतंय. काहीतरी खाऊन घ्या आधी. आणि त्या बाईंना सांगा, माझं नाव नीताच लिहा."

ते वर गेले. बाईंनी नीता सबनीस या नावाने बावीसची चिठ्ठी तिकिटावर चिकटवली, शिक्का मारला, तिकीट त्यांच्या हातात दिले. आणि मगच, त्यांच्या डोळ्यांदेखत, आठ तारखेची आशालता सबनीस पडद्यावरून पुसली. विनायकरावांनी स्वतःची आठची जागा तशीच ठेवली.

बावीसला सकाळी त्यांनी विमानतळाच्या काचेपर्यंत पिशवी नेली. आत जाताना नीताबाईंनी एक हात कमरेवर ठेवला होता, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. त्या वळल्या नाहीत. विनायकरावांनी, कशासाठी कोण जाणे, हळूच "नीता" म्हटले. काचेपलीकडे ते ऐकू जाणे शक्यच नव्हते.

पुढचे चार दिवस ते फोनजवळच जेवले. बुधवारी, २६ नोव्हेंबरला, दुपारी सत्यजीतचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. विनायकरावांनी एवढेच विचारले, "दाराशी कोण होतं?"

सत्यजीत हसला आणि त्याने सांगितले.

माहेरचे माणूस हजर : एक.