न विझणारी शेकोटी

फिटरनं गुडघे टेकले, शेकोटीत डोकं घातलं आणि प्लास्टिकच्या ओंडक्यांमागची पट्टी उघडली. वायरी ठणठणीत, पंखा गुळगुळीत, दिवे शहाण्या पोरांसारखे एका ओळीत. विजेच्या शेकोट्या बसवता बसवता त्याचे अर्धे केस पिकले होते. पण धडधाकट मशीनची महिन्यात तिसरी तक्रार, हा प्रकार त्याला नवा होता.

"काका, बिघडलंय काय ते तरी सांगा."

"जाळ बरोबर नाही."

"कसा हवाय? निळासुद्धा होतो. नाटकात बसल्यासारखं वाटेल."

काका हसले नाहीत. स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"जुन्या घरात खरी शेकोटी होती, चाळीस वर्षं. इथं नवव्या मजल्यावर आल्यापासून ही रोज संध्याकाळी पिशवी घेते आणि घरी जायला निघते. म्हटलं, शेकोटी दिसली की हेच घर वाटेल. कसलं काय! परवा खाली रस्त्यावर सापडली. रविवारी मुलगी येतेय. तोवर हे थांबलं नाही, तर ती हिला म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवणार. तसं सांगूनच टाकलंय तिनं."

फिटरनं पान्याच्या टोकानं कान खाजवला. त्यानंच एकदा आपल्या शेजाऱ्याच्या दाराची बेल दाबली की कावळा ओरडेल अशी सोय करून अख्खी इमारत दोन दिवस कावळा शोधायला लावली होती. न सुटणारी गोष्ट पाहिली की त्याला भूक लागल्यासारखं व्हायचं.

"आज थांबतो मी. चहा पाजा फक्त."

पाचच्या सुमाराला काकू आल्या आणि शेकोटीसमोर बसल्या. ज्वाळा ऐटीत नाचत होत्या. काकूंनी थोडा वेळ पाहिलं. मग त्यांचा उजवा हात खुर्चीच्या बाजूला चाचपडू लागला. काही सापडलं नाही. वाकून त्यांनी एक ओंडका बोटानं ढकलला. ज्वाळांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या आपल्या नाचतच राहिल्या. काकू मागं टेकल्या, हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारख्या बसल्या. अर्ध्या तासानं उठल्या आणि पिशवी घेतली.

"अहो, चला. लोकांच्या घरी किती वेळ बसायचं? आपली विझली असेल तिकडं."

काका त्यांना थोपवायला धावले. फिटर मात्र जागचा हलला नाही. तोंडातल्या तोंडात "आपली विझली असेल" असं त्यानं दोनदा म्हणून पाहिलं, आणि मग त्याच्या मिशीत हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबाभर सामान घेऊन हजर झाला. काकू झोपल्या होत्या. एका ओंडक्याखाली त्यानं स्प्रिंगचं बटण बसवलं, मागं एक टायमर जोडला.

"हे काय नवीन?" काकांनी विचारलं.

"बिघाड. काल नव्हता, आज बसवून देतोय."

"अरे, थट्टा करतोस काय म्हाताऱ्याची?"

"तुमची नाही, मशीनची. संध्याकाळी काहीही झालं तरी हात लावायचा नाही की तोंड उघडायचं नाही. माझी शपथ."

संध्याकाळी काकू समोर बसल्या. वीस मिनिटं ज्वाळा नाचल्या. मग हळूहळू बसू लागल्या, पिवळ्याच्या तांबड्या झाल्या, आणि खोलीचे कोपरे काळवंडले.

"मिस्त्री!" काका शपथ विसरून ओरडले. "गेली ही! बंद पडली!"

"नुसते ओरडताय काय?" काकू खुर्चीवरून उठल्याच. "सळई कुठंय?"

फिटरनं मुकाट्यानं आपला लांब स्क्रूड्रायव्हर पुढं केला. काकूंनी तो बिनधास्त ओढून घेतला, खाली वाकल्या, एक ओंडका उचकटला, दुसरा दाबला. तिसरा दाबल्यावर ज्वाळा भपकन वर आल्या.

"तुमच्या भरवशावर सोडली असती तर राख झाली असती नुसती."

"हो गं," काका म्हणाले. "माझं लक्षच नव्हतं."

"कधी होतं?"

वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला अंधारायच्या आतच काकू पुढं सरकून बसल्या होत्या, स्क्रूड्रायव्हर मांडीवर घेऊन. पिशवी कुठं आहे हे त्यांनी विचारलंही नाही. स्क्रूड्रायव्हर आता परत मिळत नाही, हे ओळखून फिटरनं बाकीची हत्यारं गोळा केली. काका डोळे पुसायला आत गेले होते.

दारापर्यंत काकू त्याच्या मागोमाग आल्या. आतल्या खोलीकडं वळून पाहत त्यांनी त्याची बाही धरली.

"ओंडके प्लास्टिकचे आहेत," त्या कुजबुजल्या. "ह्यांना सांगू नकोस. त्यांना वाटतं, खरीच आहे."

फिटरनं उचललेला डबा पुन्हा खाली ठेवला.

"मग... तुम्ही कशाला एवढी धडपड करताय, काकू?"

त्यांनी वेड्याकडं पाहावं तसं त्याच्याकडं पाहिलं.

"अरे, विझते ना ती."

आणि घाईघाईनं दार लोटून त्यांनी आतून कडी लावली.