ड्रमाच्या पाण्यातला कांदा

माझा नातू बादल याचं लग्न ठरलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. साल दोन हजार सहा. आदल्या हंगामात कापसानं सगळ्यांनाच खाली बसवलं होतं, पण पाहुण्यांच्या पाण्याची सोय तर करावीच लागते. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्याची विहीर आटली होती. टँकर कधी येई, कधी नाही. म्हणून माझा मुलगा देवीलाल, बादलचा बाप, पुसदच्या भंगारवाल्याकडून एक मोठा निळा ड्रम घेऊन आला. राखेनं घासला, साबणानं धुतला, टँकर आला तसा काठोकाठ भरला आणि तोंडावर गोधडी बांधली.

"लग्नापर्यंत याले कोणी हात लावायचा नाही," त्यानं सगळ्यांना बजावलं.

हात लावला तो अंजूनं. अंजू म्हणजे बादलची धाकटी बहीण. अकरावीला होती, सायन्सला. मॅडमनं मुलींना सांगितलं होतं, ग्लासात पाणी घ्या, वर कांदा ठेवा, बुडाला मुळं फुटली की वर्गात आणा. त्या दिवशी घरातला माठ कोरडा होता. अंजूनं गोधडी सरकवून ड्रमातलं ग्लासभर पाणी काढलं.

कांदे वर्गात न्यायच्या दिवशी तिला लग्नासाठी बांगड्या भरायच्या होत्या. तास सुटला की बाजारात जाऊ, म्हणून मी शाळेत गेले. मॅडम पुसदच्या, नाव गझाला. त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं. "बसा आजी, तुम्हीपण शिका. फी नाही घेत."

पोरी हसल्या. मग एकेकीचा कांदा पुढे आला. पांढरी, लांब मुळं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. अंजूचा कांदा पाहून हसणं वाढलं. त्याच्या बुडाला चार दोन खुंट होते, आणि त्यांची टोकं तपकिरी.

"अंजू, कांदा लावला का जाळला?" उमेरा नावाची पोरगी म्हणाली.

"तुझ्या डोक्यावरच्यापेक्षा जास्तच उगवलंय," अंजूनं सुनावलं, पण तिचं तोंड उतरलं.

मॅडमनं मुळाची टोकं कापली, औषधात भिजवली, लाल रंग दिला, काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबली. आधी उमेराची काच दाखवली. मीही डोळा लावला. विटा रचाव्यात तशी घरं दिसली. काही घरांत लाल धाग्यांचे दोन झुबके एकमेकांपासून दूर ओढल्यासारखे.

"ही पेशी आजी. एकीच्या दोन होऊन राह्यल्या. अशा वाढतात म्हणून मूळ वाढते."

मग अंजूची काच लावली. मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या. काच सरकवली, पुन्हा पाहिलं. दुसरं मूळ घेतलं.

"एकही पेशी दुभंगत नाही," त्या म्हणाल्या. "पाणी कुठलं घेतलं तू?"

"ड्रमातलं."

"कसला ड्रम?"

अंजूनं सांगितलं. मॅडमनं खिडकीतल्या उन्हात दोन नळ्या मांडल्या. दोन्हींत तळ्यातली हिरवी वनस्पती सोडली, एकीत शाळेचं पाणी, दुसरीत अंजूच्या ग्लासातलं. शाळेच्या पाण्यात पानांवरून बारीक बुडबुडे वर येऊ लागले. पान उन्हात अन्न करतं आणि हवा सोडतं, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या नळीत काहीच हललं नाही. आम्ही सगळ्या त्या नळीकडे बघत होतो. माझ्या मनात एकच होतं, एक तरी बुडबुडा येऊ दे.

आला नाही.

"आजी, हे पाणी कोणी प्यायलं?"

"नाही बाई. लग्नासाठी राखलंय. संध्याकाळी पाहुणे येतात."

मॅडमनं पर्स उचलली. बांगड्या राहिल्या. भाड्याची जीप करून आम्ही तांड्याकडे निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, "भंगारातले ड्रम फवारणीवाल्यांकडचे असू शकतात. त्यात पिकावरची विषारी औषधं कालवायचे. वास जातो, पण औषध प्लास्टिकमध्ये मुरून राहते."

तांड्यावर मांडव उभा राहत होता. तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख, धरमसिंग खाटेवर बसला होता, आलेले पाहुणे सावलीत. अंजू धावत गेली. "बाबा, ड्रम उलटा करा. त्यात जहर आहे!"

देवीलाल हातातला बांबू तसाच धरून थांबला. "कोण म्हणते?"

"कांदा म्हणते," ती बोलून गेली, आणि पाहुणे खो खो हसले.

"घ्या! आता कांदे बी बोलाले लागले," एकजण म्हणाला. "मुलीकडच्यांले सांगा, या घरी पंचाईत कांदा करते."

गझाला मॅडम पुढे झाल्या. "भाऊ, हसू नका. मी तपासलं आहे. पुसदला पाणी दाखवून घेऊ, तोवर कोणाला देऊ नका."

"मॅडम, टँकर पुन्हा कधी येईल, तुम्ही सांगता का? एवढ्या लोकांले काय पाजू मी? तुमचा कांदा?"

"देवीलाल," मी म्हणाले, "मी डोळ्यानं पाह्यलं."

"याडी, तू कायले मधात पडते?" याडी म्हणजे आई. एवढ्या लोकांत तो मला कधी असं बोलला नव्हता.

आमच्या तांड्यात रिवाज होता. घरच्या पाण्यावर कोणी संशय घेतला, तर घरधन्यानं नाईकासमोर ते आधी प्यायचं. कोणी तसं म्हटलं नाही, पण सगळे धरमसिंगकडे बघू लागले, आणि धरमसिंग खाली जमिनीकडे. देवीलालनं गोधडी फेकली, तांब्या बुडवला.

मॅडमनं त्याचा हात धरला. अंजूनं दुसरा धरला. त्यानं दोघींना झटकलं. तांब्या रिकामा केला, पुन्हा भरला, तोही रिकामा केला.

"पाह्यलं?" मिशा पुसत तो म्हणाला. "आता जेवणाचं पाहा."

"दवाखान्यात चला, आत्ताच," मॅडम म्हणत होत्या. तो मांडवाची दोरी ओढत राहिला. पाहुण्यांनी पाणी मागितलं. पण धरमसिंगनं हात वर केला, थांबा म्हणाला. तो देवीलालकडेच बघत होता.

थोड्या वेळानं दोरी देवीलालच्या हातातून सुटली. कपाळावर घाम फुटला, तोंडातून लाळ गळू लागली. "काही नाही, ऊन लागलं," तो म्हणाला आणि उलटी करत खाली बसला. त्याच्या बायकोनं, धनीबाईनं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मॅडमनं पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. "हे फवारणीचंच विष," त्या म्हणाल्या.

धरमसिंग उठला, ड्रमाला खांदा लावला. बादल आणि बाकीचे धावले. ड्रम आडवा करून त्यांनी पाणी तांड्याबाहेर खड्ड्यात वाहून जाऊ दिलं आणि वर माती लोटली. आम्ही देवीलालला त्याच जीपमध्ये घातलं. वाटेत तो अंजूचा हात शोधत होता. ती "बाबा, श्वास घ्या" एवढंच म्हणत राहिली.

पाहुण्यांपैकी कोणालाही काही झालं नाही. माझा मुलगा देवीलाल त्याच आठवड्यात शनिवारी पहाटे, बादलच्या हळदीच्या दिवशी, पुसदच्या दवाखान्यात वारला.