मिठाच्या खिडकीतून पाहिलेला बर्फ

मित्रांनो, मी एक जुना अवरक्त वर्णपटमापी आहे. नाव जड असले तरी काम साधे आहे. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मी पदार्थातून सोडतो. त्यातले रेणू आपापला वाटा शोषून घेतात, आणि कोणी किती घेतला ते माझी लेखणी कागदावर रेघेने दाखवते.

चाकणच्या एका रंगाच्या कारखान्यात मी अकरा वर्षे राबलो. सगळे मला कौतुकाने 'साहेब' म्हणत. मग एका खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. हळदकुंकू लागले, झेंडूची माळ आली, आणि कुणीतरी भक्तिभावाने फुलाने पाणी शिंपडले. माझी खिडकी मिठाची आहे, हे त्या भाबड्या जिवाला कुठून ठाऊक असणार? काच माझा प्रकाश अडवते, मीठ अडवत नाही. पण पाणी लागले की ते विरघळते. खिडकी धुरकटली, मी आंधळा झालो, आणि टेम्पोत बसून चिंचवडच्या एका महाविद्यालयात दान म्हणून आलो.

तिथे चार वर्षे कोपऱ्यात धूळ खाल्ली. मग प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कुसुमताईंनी मला हाती घेतले. मऊ कापडावर दोन थेंब स्पिरिट घेऊन त्यांनी माझी खिडकी घासून घासून स्वच्छ केली. माझ्या पोटातले ओल शोषणारे निळे खडे गुलाबी झाले की त्या ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करत. त्यांचा एक दिवस चुकला नाही.

"ताई, गुरुवारी स्वतः अळणी जेवता आणि इथे मिठाची सेवा करता," एम.एस्सी.ची साक्षी चिडवायची.

"माझ्या वाट्याचं मीठ ह्याला दिलंय, असं समज," ताई हसून म्हणायच्या.

साक्षीला पाण्याचे रेणू बर्फात एकमेकांना कसे धरतात ते पाहायचे होते. विभागप्रमुख यशवंतराव म्हणाले, "मिठाच्या खिडकीपुढे बर्फ? अगं, हे सोमवारी भंगारात चाललंय. शनिवारी चारपर्यंत नीट आलेख दाखव, नाहीतर विषय बदल."

शनिवारी साक्षीने राजगुरुनगरच्या गुरांच्या डॉक्टरांकडून द्रव नायट्रोजन आणला; कृत्रिम रेतनासाठी ते हा अतिथंड द्रव बाळगतात. पाण्याचा थेंब तिने न विरघळणाऱ्या दोन चकत्यांमध्ये दाबून तांब्याच्या डबीत बसवला. माझ्या खिडकीवर दव धरले असते तर सगळे संपलेच होते. म्हणून ताई दोन तास खिडकीवर कोरडी हवा सोडत उभ्या राहिल्या.

आधी पाण्याची रेघ आली, पसरट टेकडीसारखी. मग नायट्रोजन ओतला. टेकडी आवळत गेली, टोकदार झाली आणि बाजूला सरकली.

यशवंतराव वाकून पाहू लागले. "सरकली कशाने?"

"सर, पाण्यात रेणू सारखे हात सोडतात, धरतात. बर्फात प्रत्येकाने चार शेजाऱ्यांना घट्ट धरलंय, म्हणून त्याचं थरथरणं मंदावलं."

यशवंतरावांनी खिशातून भंगाराची यादी काढली आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली. "कुसुमताई, आता ह्याला वेळापत्रक लावा. पोरांची रांग लागणार."

आणि खरोखरच लागली. आज माझा एकही तास रिकामा नसतो. या वयात एवढा मान क्वचितच कुणाला मिळतो.

मित्रांनो, एखादे यंत्र तुमच्या हाती आले, तर त्याला काय सोसत नाही ते आधी विचारून घ्या. मग रोज थोडे करा, पण रोज करा. एवढे केलेत तर माझ्यासारखा म्हाताराही तुम्हाला बर्फाच्या पोटातले गुपित दाखवील.