डाव्या पायाचं लोखंड

हे बोलतोय तो मी, एकाच पायातला बूट. बूट तरी कसं म्हणावं? नुसता पोलादी तळ, टाचेमागे वळवलेली कड आणि घोट्याला आवळायचा चामडी पट्टा. मला जोडीदार नाही, कारण उजव्या पायाला माझी गरजच पडत नाही. तेव्हा माझं बोलणं किती मनावर घ्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

लेश्नो गावात, बोलेककाकांच्या गॅरेजमध्ये मी जन्मलो. लालभडक तापलेला पत्रा त्यांनी क्सावेरीच्या बुटावर बेतून ठोकला. क्सावेरीचा धंदा मोटरसायकलच्या शर्यतींचा. त्याच्या गाडीला ब्रेक नसतो. मातीच्या गोल ट्रॅकवर चौघांनी चार फेऱ्या मारायच्या, वळणं सगळी डावीकडची. वळणावर गाडी तिरकी घालायची आणि डावा पाय जमिनीवर घसरवत न्यायचा. त्या पायाखाली मी.

"ह्याला जप," काका म्हणाले होते.

"बायकोपेक्षा जास्त?"

"बायको तुला जपते रे गाढवा. ह्याला तू जप."

दर सामन्यात माझा तळ झिजायचा आणि काका त्यावर वेल्डिंगचा नवा थर चढवायचे. झिजणं हाच माझा पगार. मी सुखात होतो.

मग एका वसंतात पुढची गाडी आडवी झाली आणि क्सावेरीची डावी नडगी मोडली. मी त्याच पायात होतो. मला काही करता आलं असतं का, हे मी स्वतःला अजून विचारतो. उत्तर बहुधा 'नाही' असंच आहे, पण विचारायचं काही थांबत नाही.

तो बरा होईस्तोवर वर्ष उलटलं. घरात लेक जन्मली. पाय ठणठणीत आहे, असं सगळ्यांना सांगून तो परतला आणि पहिल्या दोन्ही सामन्यांत शेवटचा आला. कधी इंजिनाला नावं ठेवी, कधी टायरला. खरं मला ठाऊक होतं. वळणावर तो मला टेकवतच नव्हता, बोटभर वर धरत होता. पण लोखंडाचं ऐकतो कोण!

क्लबच्या प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितलं, "रविवारी शेवटची संधी. नाही जमलं तर संघातली तुझी जागा दुसऱ्याला."

रविवारी दुपारी क्सावेरी कोंबडीच्या सुपाची वाटी पुढे घेऊन बसला होता, खात मात्र नव्हता. त्याची बायको यागोदा लेकीला कडेवर घेऊन त्याची पिशवी भरत होती. तिने मला उचललं आणि तिचा अंगठा माझ्या तळावर थबकला.

"हा तळ नवा कधी केला?"

"परत आलो तेव्हा. का गं?"

"दोन सामने झाले तरी वेल्डिंगच्या गाठी हाताला लागतायत."

"ट्रॅक मऊ होता."

"अरे वा! बाकीच्यांची लोखंडं झिजली आणि तुझं तेवढं नव्या नवरीसारखं राहिलं?"

तो चमचा फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "पाय टेकवायला गेलो की तो आवाज ऐकू येतो. हाडाचा."

यागोदा लेकीला मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली. "'सोड आता हे' असं म्हणायचं मी केव्हाचं ठरवलं होतं. भांडी घासताना पाठसुद्धा केलं होतं. आणि आता भलतंच येतंय तोंडात."

"काय?"

"सोडायचं तर आत्ता सोड, मी प्रशिक्षकांना फोन लावते. जायचं तर पाय खाली ठेव. अर्धवट चालवणारा पडतो. पूर्ण चालवणाऱ्याचीही मला भीती वाटतेच, पण जरा कमी."

त्याने वाटी तोंडाला लावून संपवली. "तू पण चल आज."

"मी डोळे मिटून बसेन."

"मीट. पण ये."

सामन्यातल्या पहिल्या शर्यतीत तो पुन्हा शेवटचा. यागोदा कुंपणाशी, पायाशी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं; ती खात नव्हती, नुसती सोलत होती. दुसऱ्या शर्यतीआधी काकांनी माझा पट्टा आवळला. गाड्यांपुढची सुरुवातीची फीत वर उडाली, शर्यत सुटली. पहिल्या वळणावर मी अधांतरी. दुसऱ्यावरही.

तिसऱ्या वळणावर त्याने मला टेकवलं. माती माझ्याखाली गुरगुरली. त्याची पोटरी थरथरत होती, पट्ट्यातून मला सगळं कळत होतं. वाटलं, आता उचलेल. नाही उचललं. उलट आणखी दाबलं. आतल्या बाजूने एक गाडी मागे पडली, शेवटच्या फेरीत दुसरीही. पहिला आला नाही तो, दुसरा आला. पण मी चटका बसेल इतका तापलो होतो.

काकांनी मला उलटा केला. गाठी सपाट झाल्या होत्या. "सूनबाई, डोळे उघडे होते ना?"

"एक होता," यागोदा म्हणाली.

क्सावेरीची जागा टिकली. तो अजून शर्यतीत आहे. माझ्यावर इतके थर चढले आणि उतरले, की मूळचा मी कितीसा उरलोय, देव जाणे. क्लबवाले म्हणतात, ह्याला आता काचेच्या कपाटात ठेवू, पॉलिश करून. त्यांना कुणीतरी सांगा, घाई करू नका. ह्या रविवारी सामना आहे.