रिकामी जागा ठेवू नये

फोटो जोडा

बोर्ली पंचतनच्या बाजारात रचनाचं झेरॉक्सचं दुकान होतं, पण आताशा झेरॉक्स कमी आणि प्रोफाइलं जास्त. दिघी बंदरावरचे ठेकेदार माणसं इंटरनेटवर शोधतात, हे एकदा गावोगाव पसरलं आणि पोरं तिच्या बाकड्यावर येऊन बसायला लागली. कुणी वेल्डर, कुणी क्रेनवाला, कुणी नुसताच बारावी. रचना सगळ्यांना तेच सांगायची. फोटो पांढऱ्या भिंतीपुढचा. खांदे सरळ, नजर समोर, गॉगल खिशात. नावाखालच्या ओळीत ‘नोकरी पाहिजे’ हे रडगाणं नको, तुला काय येतं ते लिही. आणि एकही खण रिकामा सोडू नकोस. रिकामी जागा दिसली की ते यंत्र माणसाला मागे ढकलतं.

अशी कितीतरी पोरं तिने कामाला लावली. राहिला तो घरचाच, धाकटा भाऊ विनेश.

“ताय, माजं कवा करशील?”

“तू डोळे उघडे ठेवशील तेवा.”

कारण विनेश फोटोत नेमके डोळे मिटायचा. पांढऱ्या भिंतीपुढे उभा केला, दरडावलं, गुदगुल्या केल्या. दरवेळी बटण दाबायच्या क्षणी पापण्या खाली. बाकड्यावरची पोरं खो खो हसली. शेवटी रचनाने कंटाळून तिच्याकडे जपून ठेवलेला दुसरा एक फोटो काढला. पांढरी भिंत, सरळ खांदे, थेट नजर. मच्छीमार ओळखपत्रासाठी काढलेला, मोठ्या भावाचा, प्रणयदादाचा. दोघं भाऊ एका साच्यातले.

“कोण वळखतंय?” विनेश म्हणाला.

तिने विनेशच्या फोनवरून फोटो जोडला. नाव विनेशचंच ठेवलं.

अनुभव लिहा

प्रणय तांडेल होता, म्हणजे होडीचा म्होरक्या. तो, धर्मा आणि अंबाजी असे तिघं एका पावसाळ्याच्या तोंडाशी गेले ते आले नाहीत. होडीची एक फळी तेवढी आगरदांड्याच्या बाजूला लागली. तेव्हापासून त्यांच्या आईने, नीराबाईने, विनेशला समुद्रात पाय घालू दिला नाही. जाळी शिवायची, खाडीत फिरायचं, तिन्हीसांजेच्या आत घर. धडधाकट पोरगा घरात बसून गंजत होता.

आता टगवर नोकरी निघाली होती. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी दणकट बोट. बंदराच्या बाहेर जायचं नाही, संध्याकाळी घरी. एवढ्याला नीराबाई तयार झाली होती. पण जाहिरातीत अट होती, खुल्या समुद्राचा अनुभव. विनेशकडे तो नव्हता. प्रणयकडे होता.

“दादाचाच लिव ना मग,” विनेश म्हणाला. “फोटू त्याचा हाय, अनुभव पन त्याचा. तो काय मागं घ्यायला येतोय?”

रचनाने लिहिलं.

*तांडेल, मासेमारी नौका. खलाशांची जबाबदारी. वादळात होडी सुखरूप परत आणण्याचा*

इथे तिचा हात थांबला. तिने ओळ तशीच अर्धी सोडून पुढचा खण उघडला. काम कधी संपलं, त्याची तारीख मागत होता.

नीराबाई सुक्या बोंबलांची पाटी घेऊन दुकानाच्या पायरीवर टेकली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं बोट कुठे अडतं ते कळत होतं.

“काय इचारतंय ते?”

“काम कवा सुटलं ते, आये.”

“सुटलं असं लिवायचं न्हाय,” नीराबाई म्हणाली. “माज्या घरात ते कुनी बोललेलं न्हाय आजवर.”

खरंच होतं. बाजूला एक चौकोन होता: ‘सध्या याच कामावर आहे.’ रचनाने त्यात टिचकी मारली. तारखेचा खण आपोआप नाहीसा झाला.

तुमच्याविषयी

हा खण भरताना दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. नीराबाई बोलत गेली आणि रचना लिहीत गेली. आई विनेशविषयी बोलत नव्हती, हे तिला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. पण ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलत होती, आणि मजकूरही चांगला होता. कोण थांबवणार?

*मी वाऱ्याआधी उठतो.*

*नांगराला आलेला चिखल जिभेला लावून मी होडी कुठे आहे ते सांगतो.*

*मी डावरा आहे. दोर डावीकडून पडतो, म्हणून माझ्या डाव्या बाजूला कुणी उभं राहत नाही.*

*माझ्याबरोबर गेलेल्याला मी एकटं सोडत नाही.*

शेवटचं वाक्य कुणी सांगितलं, ते रचनाला नंतर आठवेना. आईने सांगितलं असेल. तिनेच लिहिलं असेल.

खाली हिरवी पट्टी भरत आली, भरली. ‘अभिनंदन! तुमचं प्रोफाइल पूर्ण झालं आहे.’

“बगू,” नीराबाई म्हणाली. तिने पदराने हात पुसले, फोन दोन्ही तळव्यांवर घेतला, एखादं मूल घ्यावं तसा. पडद्यावरचा प्रणय तिच्याकडे थेट बघत होता.

“प्रणय,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, “प्रणय.” मग रस्त्यापलीकडे खेळणाऱ्या पोराला बोलवावं तशी, “पन्या रं!”

रचनाचा हात फोनकडे गेला. तिला हरिहरेश्वर आठवलं.

अंबाजीच्या घरच्यांनी तिथे त्याचे विधी केले, तेव्हा ती गेली होती. समुद्राने अंग परत दिलं नाही की पानांचा माणूस करतात. पळसाच्या पानांचे हात, पानांची छाती, पानांचे पाय, डोक्याच्या जागी नारळ. एक अवयव विसरायचा नाही. माणूस पुरा झाला की जवळच्याने तीनदा नावाने हाक मारायची, आणि धाकट्याने लगेच अग्नी द्यायचा. राख पाण्यात. गुरुजी घाई करत होते. “हाक मारल्यावर रेंगाळू नका,” ते म्हणाले होते. “बोलावलेल्याला बसवून ठेवत नाहीत. तो मग राहायची सोय बघतो.”

नीराबाईने प्रणयचा विधी कधी करू दिला नव्हता. धर्माचा करायला मागेपुढे कुणी नव्हतं.

तुमच्या कौशल्याला कुणीतरी दुजोरा दिला आहे

‘धर्मा, खलाशी’ असं नाव होतं. फोटोच्या जागी राखाडी गोल. *चिखल चाखून जागा ओळखणे*, या कौशल्याला त्याने दुजोरा दिला होता.

धर्माने जन्मात बटणाचा फोन सोडून दुसरा वापरला नव्हता.

“कुनीतरी मस्करी करतंय,” रचना म्हणाली.

“धर्मा मस्करी करायचाच,” विनेश म्हणाला, आणि हसला. धर्मा गेला तेव्हा विनेश शाळेत होता, प्रणयच्या होडीवर तो कधी चढलाही नव्हता. धर्माच्या नावाने ओळख जोडायची विनंतीही आली होती. रचना ‘नको’ म्हणायच्या आत त्याने ती स्वीकारली. डाव्या अंगठ्याने.

त्याच आठवड्यात कंपनीच्या हितेश नावाच्या माणसाने कॉल लावला. प्रोफाइल फारच आवडलं होतं. विनेश पांढऱ्या भिंतीपुढे बसला, रचना पडद्यात दिसणार नाही अशी बाजूला, उत्तरं लिहिलेले कागद घेऊन. एकही कागद लागला नाही.

“समजा, ओढताना दोर तुटला. पहिलं काय कराल?” हितेशने विचारलं.

“तुटायच्या आधी दोर गातो, साहेब,” विनेश म्हणाला. “तेव्हाच मानसं खाली बसवतो. तुटल्यावर करायला काय उरत न्हाय.”

हितेशने पुढचे प्रश्न बाजूला ठेवले. “कधी रुजू होता?”

पूर्ण बोलणं होईपर्यंत त्याने एकदाही पापणी मिटली नव्हती. फोन ठेवून त्याने रचनाकडे बघितलं.

“कागद ठेव आता, मास्तरीणबाय.”

तिला मास्तरीण म्हणणारा एकच माणूस होता. विनेश तिला ताय म्हणायचा.

तुम्ही यांना ओळखता का?

घरात आनंद होता, हीच पंचाईत. नीराबाई पहाटे उठून वाटण वाटू लागली. विनेशला बोंबील आवडत नसत. आता तो ताटभर खाई, डाव्या हाताने, आणि आई समोर बसून बघत राही. त्याच्या उशाची चादर सकाळी दमट असे. झटकली की बारीक वाळू पडे.

“आये, त्याला झालंय काय ते बग तरी,” रचना म्हणाली.

“काय झालंय? जेवतोय, हसतोय. तुला भावाचं बरं बघवत न्हाय व्हय?”

“कुठल्या भावाचं?”

नीराबाईने पातेल्यावर झाकण आपटलं. म्हणजे तिलाही कळलेलं होतं.

रचनाने दुकानात बसून खातं बंद करायला घेतलं. सगळं ठीक चाललं, आणि शेवटी सूचना आली: खातेदाराने आपल्या फोनवर अंगठा लावून खात्री करावी. विनेश झोपलेला असताना, भर दुपारी, तिने त्याचा उजवा अंगठा हळूच फोनवर टेकवला. ‘जुळत नाही.’ डावा टेकवला. ‘जुळत नाही.’ अंगठा थंडगार होता, आणि पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा सुरकुतलेला.

तो डोळे न उघडता म्हणाला, “अंगठा घेत न्हाय तो माजा. मी आकडे मारून उघडतो.”

नव्या कामाबद्दल अभिनंदन

रुजू व्हायच्या दिवशी तिघं दिघीच्या जेट्टीवर आली. होडी गेल्यापासून नीराबाईने इथे पाऊल ठेवलं नव्हतं. आज तिने नवं लुगडं नेसलं होतं, हातात डबा. भरतीचं पाणी पायऱ्यांवर चढत होतं. टग धक्क्याला लागून धुगधुगत होता आणि वरून कुणीतरी हात करत होतं.

रचना आईच्या कानाशी लागली. “तो वर चडला की संपलं. आये, एकदा इचार त्याला. फक्त एकदा.”

“काय इचारू?”

“तुला जे इचारायला भ्या वाटतंय ते.”

नीराबाईने डबा त्याच्या हाती दिला. त्याने डाव्या हाताने घेतला, वास घेतला, हसला.

“तवा पन तू कोलंबीच दिली होतीस. धर्माने निम्मी खाल्ली.”

नीराबाईचा चेहरा फुलला, आणि फुललेला असतानाच त्यातून काहीतरी निघून गेलं. प्रणयच्या त्या शेवटच्या डब्यात काय होतं ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तिने कोलंबी रांधली नव्हती, ती आज.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “तू इथं हायस. मग माजा विनू कुठं हाय?”

त्याने खाडीच्या तोंडाकडे बघितलं. लपवण्यासारखं काही नसल्यासारखं तो साधेपणाने म्हणाला, “माजी जागा धरून बसलाय. तिथं रिकामी जागा ठेवून चालत न्हाय, आये.”

खातं बंद करायला विनेशचाच अंगठा लागतो, हे रचनाने नीराबाईला सांगितलेलं होतं. टगवाल्याने शिट्टी मारली.

“फोन काड,” ती म्हणाली. “अंगठा लाव.”

“कशाला?”

“आय सांगते म्हनून.”

त्याने लावला. ‘जुळत नाही.’ हसून त्याने तिच्याकडे पाहिलं. बघ, सांगितलं नव्हतं?

“तुजा नको,” नीराबाई म्हणाली. “त्याचा.” तिने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि त्याच्या तोंडाकडे न बघता, पाण्याकडे तोंड करून हाक मारली.

“विनेश.”

काहीच झालं नाही. पाणी एक पायरी वर चढलं.

“विनेश!”

त्याची पापणी हलली. “आये,” तो घाईने म्हणाला, “मी किती लांबून आलोय. मला आताशी कुठं ऊब—”

“ठाऊक हाय, बाला,” नीराबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला. “विन्या रं! घरी ये!”

त्याने डोळे मिटले. फोटोत मिटायचा तसे, गच्च. डबा खाली पडला. रचनाने त्याचा उजवा अंगठा फोनवर दाबला, आणि हिरवी खूण उमटली.

खातं बंद करण्याचं कारण विचारत होतं. खाली यादी होती. रचनाने बोटाला सापडलं ते दाबलं: ‘माझं चुकून दुसरं खातं तयार झालं आहे.’

विनेश पायऱ्यांवर बसून खोकत होता. खोकताना तोंडातून खारं पाणी येत होतं, आणि तो दोन्ही हातांनी पायरी धरून होता. “ताय,” तो म्हणाला, “काय थंडी हाय गं तिकडं.” टग त्याच्यावाचून निघाला. नोकरी गेली, कुणी हळहळलं नाही.

“झालं?” नीराबाईने विचारलं.

“झालं. म्हंजे थोडे दिवस लागतात पुसायला. तवर कुनी उघडलं तर परत चालू—”

पण नीराबाईला पहिलाच शब्द ऐकू आला होता. अग्नी दिला, आता राख पाण्यात. इतकी वर्षं टाळलेलं काम तिने एकदाचं पुरं केलं. रचनाच्या हातातून फोन घेतला, कपाळाला लावला आणि भरतीच्या पाण्यात सोडून दिला.

“जा, बाला,” ती म्हणाली, आणि पाठ फिरवून, मागे न बघता चालायला लागली. रीतच तशी.

रचनाने मात्र बघितलं. फोन सावकाश खाली जात होता, पडदा वर. उजेड निळसर होत गेला, लहान होत गेला, विझला.

मग खोलवर परत लागला. चार आकडे मागतात तो पडदा. एक ठिपका भरला. दुसरा भरला.

घर येईपर्यंत तिने विनेशचा अंगठा मुठीत गच्च धरून ठेवला होता. तो गरम होता. दर थोड्या पावलांनी ती तपासून बघत होती.